उपयोग काय?

बागकाम करणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. पाणी किती वेळा घालता, खत कुठलं घालता आणि या सगळ्याचा उपयोग काय. पहिल्या दोहोंची उत्तरं मी वर्षानुवर्षं न कंटाळता देत आलो आहे. तिसऱ्या प्रश्नाविरुद्ध मात्र आज जाहीरपणे दंड थोपटतो आहे.

हा प्रश्न विचारणारांची एक स्वतंत्र जमातच आहे. गुलाब दाखवला की ते म्हणतात, "गुलकंद करता का?" डोळ्याला दुर्बीण दिसली की, "यातून काही सुटतं का हो?" आणि साठी उलटलेल्या माणसाच्या हातात वेताळाचा जुना अंक दिसला, की ते काहीच बोलत नाहीत, आमच्या हिच्याकडे सहानुभूतीनं बघतात. सकाळी कुंड्या, दुपारी पक्षी आणि रात्री कॉमिक्स, असा माणूस त्यांच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्टीतल्या कढीपत्त्याचंच घ्या. त्याच्यावर मॉर्मन नावाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. कोण खाईल? थोडी मोठी झाली की हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते. आणि एवढं करूनही कुणी डिवचलंच, तर डोक्यामागून लाल रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढून असा वास सोडते की डिवचणारा चार पावलं मागे सरतो. सोसायटीच्या सभेत बसणाऱ्या माणसाला हिच्याकडून बरंच शिकता येईल. ही फोडणीसाठी डहाळी तोडायला आली की मी सांगतो, "त्या फांदीला हात लावू नकोस, तिथं पाहुणे जेवताहेत." मग आम्ही भाजीवाल्याकडून कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट मागून आणतो.

यावर सल्ला तयारच असतो. "फवारा मारा ना, एका दिवसात साफ!" आणि हेच गृहस्थ संध्याकाळी बाकावर बसून सुस्कारे टाकतात, "हल्ली चिमण्या कुठं गेल्या हो?" अहो, चिमणी स्वतः दाणे खात असेल, पण पिलांच्या चोचीत अळ्या-किडेच घालते. अळी मारायची आणि चिमणीसाठी गहिवरायचं, याला काय म्हणावं? मागच्या बाजूला शिंपी पक्ष्यानं पान शिवलं होतं. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून त्यांतून कोळ्याचं जाळं नि कापूस ओवून केलेली ती पिशवी. शिलाई मशीन नाही की टेप नाही. त्याची पिलंही आमच्या कढीपत्त्यावरच्या अळ्यांवर वाढली. फुलपाखराचं नुकसान झालं खरं, पण त्या दोघांच्या व्यवहारात मी पडत नाही.

कॉमिक्सचा इथं काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. सलीम अलींचं पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक पहिल्यांदा १९४१ साली आलं. त्यातली चित्रं नीट बघा. पक्ष्यांचं पुस्तक म्हणजे फुगे नसलेलं कॉमिक! बुलबुल दोन सेकंद दिसतो. डोक्यावरची शेंडी नि शेपटीखालचा लाल डाग तेवढ्यात टिपला, तर तो लालबुड्या. कॉमिकच्या चित्रकारालाही तेवढ्याच अवधीत ओळख पटवायची असते. राम वाईरकरांनी अमर चित्र कथेतला कृष्ण काढला आणि 'टिंकल'मधला सुप्पंडीही काढला. दोघांचे डोळे शेजारी ठेवून बघा. एकात त्रैलोक्य मावलंय, दुसऱ्यात काहीही मावलेलं नाही, आणि फरक पाचसहा रेघांचा! १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडली. पण गोविंद ब्राह्मणियांनी बहादूरसाठी काढलेल्या दऱ्याखोऱ्या बघताना मी आजही पान उलटायचं विसरतो. झाडाचं पान असो की पुस्तकाचं, थांबून बघायची सवय एकच.

आणि नेमक्या या सवयीवर आमच्या सोसायटीनं ठराव आणला आहे. मागच्या पट्टीत सिमेंटचे ब्लॉक बसवून तीन मोटारींची सोय करायची. सेक्रेटरी सज्जन आहेत. "झाडं कुठं तोडतोय? ब्लॉक फक्त बुंध्यापर्यंत नेणार!" म्हणजे हार गळ्यापर्यंतच, पण जरा घट्ट. झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, हे त्यांना पाठ आहे. मुळांना हवा आणि पाणी लागतं, हे मात्र कुठल्या परिशिष्टात सापडलेलं नाही. दिल्लीत २०१३ साली हरित लवादानं झाडाभोवतालचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. मी ते सांगितलं, तर उत्तर आलं, "ती दिल्ली."

ज्या तीन मोटारींसाठी हे चाललंय, त्यातली एक मी रोज बघतो. पक्षिनिरीक्षणाची सवय, दुसरं काय! ती शनिवारी धुतली जाते, रविवारी पुसली जाते आणि सोमवारी तिच्यावर कव्हर चढतं. वर्षातून दोनदा ती विमानतळापर्यंत स्थलांतर करते. तिचा उपयोग काय, असं आजवर एका माणसानं विचारलेलं नाही. लाखो रुपयांचं निपचित पडलेलं लोखंड उपयोगी, आणि फुकट उडणारं फुलपाखरू हा माझा रिकामटेकडेपणा!

तिसऱ्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी रोज भिंग घेऊन कढीपत्त्यापाशी येते. वहीत अळी काढते, अळीच्या तोंडाशी फुगा काढते आणि फुग्यात काहीबाही लिहिते. परवा त्यात लिहिलं होतं, "मला पार्किंग नको."

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. गणसंख्येअभावी ती अर्धा तास तहकूब होईल, नेहमीच होते. तेवढ्या वेळात सभासदांनी मागच्या बाजूला यावं. कढीपत्त्याच्या खालच्या फांदीवर कोष आहे. भिंग तिथं मिळेल. हात लावू नये.