रक्त आपलं, मालकी कुणाची?

आखाडा बाळापूरच्या शिवारात शिजवलेली हळद वाळत पडली की पेटंटची गोष्ट निघतेच. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 साली दिलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे करून 1997 मध्ये ते रद्द करवलं. हळद सुटली. रक्तातल्या जनुकांचं काय?

स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांची पेटंटं मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे होती. अमेरिकेत या जनुकांची तपासणी जवळपास कंपनीच्याच मुठीत होती, म्हणून महागही. 13 जून 2013 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निसर्गातलं जनुक नुसतं वेगळं काढलं म्हणून त्याचं पेटंट मिळत नाही. प्रयोगशाळेत घडवलेल्या डीएनएला, म्हणजे सीडीएनएला, मात्र मुभा राहिली. ही फट लहान नाही.

पण खरा घोळ जनुकांतल्या माहितीचा आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे जीनोम वाचले. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं रक्ताच्या नमुन्याची मालकी देणाऱ्याकडेच ठेवतात, कागदावर उत्तमच! प्रत्यक्षात इंग्रजी संमतीपत्रावर सहीच्या जागी पेन्सिलीची फुली असते आणि माणूस तिथे अंगठा टेकवतो. शिवाय जनुकं एकट्याची नसतात. सामाईक जमीन विकायला साऱ्या भावांच्या सह्या लागतात. इथे एकाने नळी भरून दिली की बहिणीची, पोरांचीही माहिती थोडीफार जाते.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि नमुना पुढे कोणत्या कंपनीकडे जाणार तेही त्यात लिहिलेलं हवं. एवढं तरी आपण मागावं.