‘इंटरनेटने मारले’ ही बखर झाली, इतिहास नव्हे

अमेरिकेतील मोटारशौकिनांची छापील मासिके कशी संपली, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते. ‘इंटरनेट आले, मासिके गेली.’ या वाक्यात काळ आहे, क्रियापद आहे, पण निर्णय घेणारा माणूस कुठेच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वाक्यांकडे संशयाने पाहिले पाहिजे. तो माणूस शोधण्यासाठी हा धागा. मोठा आहे, सवडीने वाचावा.

६ डिसेंबर २०१९ रोजी ‘टेन पब्लिशिंग’ या कंपनीने आपल्या २२ छापील मासिकांपैकी १९ बंद करण्याचे जाहीर केले. ‘ऑटोमोबील’, ‘कार क्राफ्ट’, ‘स्ट्रीट रॉडर’, ‘मस्टँग मंथली’, ‘लोरायडर’, ‘सुपर स्ट्रीट’ ही त्यातली काही नावे. ‘हॉट रॉड’, ‘मोटर ट्रेंड’ आणि ‘फोर व्हीलर’ एवढी तीनच उरली. वाचक एकेक करून दुरावतात, हे समजू शकते. एकोणीस मासिके एकाच दिवशी जातात तेव्हा मात्र पंचनामा करावा लागतो.

प्रथम हे पाहू की गेले ते काय होते. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे या दोन तरुणांनी लॉस एंजेलिसच्या एका मोटार प्रदर्शनात ‘हॉट रॉड’चा पहिला अंक विकायला काढला. किंमत २५ सेंट. जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवायच्या, असा नाद दक्षिण कॅलिफोर्नियातील पोरांना महायुद्धाआधीपासून होता. वृत्तपत्रांच्या आणि पोलिसांच्या लेखी ही पोरे म्हणजे उपद्रवी टोळी. मासिकाने त्यांना कॅमशाफ्ट कसा निवडावा हे शिकवले आणि रस्त्यावरची शर्यत सोडून मैदानात या, असे बजावलेही. ‘हॉट रॉड’चे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची ती आजही प्रमुख नियामक संस्था आहे. खेळाची नुसती बातमी देणारी नियतकालिके पुष्कळ असतात. खेळाला नियम आणि मैदान मिळवून देणारी फार थोडी.

आता व्यवहाराकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

पीटरसन यांनी १९९६ मध्ये आपली प्रकाशनसंस्था सुमारे ४५ कोटी डॉलरला गुंतवणूकदारांच्या एका गटाला विकली. दोन-अडीच वर्षांतच ‘इमॅप’ या ब्रिटिश कंपनीने ती एक अब्जाहून अधिक डॉलर मोजून घेतली. २००१ मध्ये इमॅपने आपला अमेरिकी पसारा जेमतेम निम्म्या किमतीत ‘प्रायमीडिया’ला देऊन टाकला. २००७ मध्ये प्रायमीडियाने आपली छंदविषयक मासिके सुमारे १.२ अब्ज डॉलरला ‘सोर्स इंटरलिंक’ला विकली. खरेदी मुख्यतः कर्जाची. एप्रिल २००९ मध्ये सोर्स इंटरलिंक दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी होती आणि तिच्या फेररचनेत सुमारे एक अब्ज डॉलरचे कर्ज पुसले गेले. पुढे हीच कंपनी नाव बदलून ‘टेन’ झाली. २०१७ मध्ये तिचा डिजिटल आणि चित्रफितींचा व्यवसाय ‘डिस्कव्हरी’बरोबरच्या भागीदारीत गेला आणि कागद मागे राहिला. दोन वर्षांनी त्या मागे राहिलेल्या कागदाचे काय झाले, ते वर सांगितलेच.

या सनावळ्या नीट पाहा. आयफोन आला २००७ मध्ये, इन्स्टाग्राम २०१० मध्ये. मासिकांची मालक कंपनी २००९ मध्येच कोसळली होती. त्या वर्षी क्रायसलर आणि जनरल मोटर्सही दिवाळखोरीत गेल्या, म्हणजे जाहिरातीही आटल्या, हे खरेच. पण निरोगी संस्था एक मंदी सोसते. गळ्याशी अब्जाचे कर्ज असलेली सोसू शकत नाही. ते कर्ज वाचकांनी काढले नव्हते, संपादकांनी काढले नव्हते. कर्ज फेडायचे कशातून? पाने कमी करा, छायाचित्रकार कमी करा, शेजारच्या मासिकाचा मजकूर इकडे वापरा. मग वाचक सोडून गेला की म्हणा, ‘लोक आता वाचत नाहीत.’

दुसरा अपराध जुना आहे आणि त्यात पीटरसन यांच्या काळातले प्रकाशकही सामील आहेत. वर्षाची वर्गणी दहा-बारा डॉलर ठेवायची, खप फुगवायचा आणि तो आकडा जाहिरातदाराला दाखवायचा. त्या पैशांत बारा अंकांचा कागद आणि टपालखर्चही धड निघत नाही. म्हणजे ग्राहक जाहिरातदार आणि माल वाचक. जाहिरातदार फेसबुककडे वळला तेव्हा या मासिकांकडे विकायला काही उरले नाही, कारण वाचकाकडून योग्य किंमत मागण्याची सवयच त्यांनी कधी लावून घेतली नव्हती.

इंटरनेट निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. नव्या गाडीचे पहिले छायाचित्र, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या छोट्या जाहिराती, सुट्या भागांचे भाव हे सारे त्याने नेले. पण तेच इंटरनेट ब्रिटनमध्येही होते. १८९५ मध्ये सुरू झालेले ‘ऑटोकार’ तिथे अजून दर आठवड्याला छापून निघते. १९२४ चे ‘मोटर स्पोर्ट’ मासिक २०२४ मध्ये शंभर वर्षांचे झाले. तिथेही काही मासिके बुडाली, सगळी नाही. कारण एकच असते, तर निकालही एकच लागला असता.

वाचकच उरले नव्हते, हा बचावही तपासून पाहू. ‘लोरायडर’ हे मासिक १९७७ मध्ये सॅन होसे येथे विद्यापीठातल्या तीन तरुणांनी सुरू केले. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाचा चिकानो समाज आपल्या गाड्या जमिनीलगत उतरवून, रंगवून, मिरवणुकीच्या चालीने रस्त्यावरून फिरवत असे. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमखाली येता कामा नये, असा राज्याचा कायदा होता. यावर तोड म्हणून हायड्रॉलिक पंप बसवले गेले : पोलीस दिसला की गाडी वर, गेला की पुन्हा खाली. (कायद्याला बगल देण्यासाठी केलेली तजवीज पुढे कला म्हणून मिरवू लागल्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.) मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रांत या समाजाची नोंद बहुधा गुन्हेगारीच्या रकान्यात व्हायची. ‘लोरायडर’मध्ये त्यांचे चेहरे, त्यांची नावे, त्यांच्या गाड्या छापून आल्या. मासिक २०१९ मध्ये बंद केले गेले. आणि १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने तो जुना नियम रद्द केला, शहरांना अशा फेरफटक्यांवर बंदी घालण्याचा अधिकारही काढून घेतला. समाज जिवंत होता, संघटित होता, कायदा बदलून घेण्याइतका समर्थ होता. त्याच्या विजयाच्या वेळी त्याचे छापील मासिक तेवढे नव्हते.

‘मग यूट्यूबवर सगळे आहेच की!’ हे म्हणणाऱ्यांसाठी एक जुने प्रकरण सांगतो. मार्च १९६४ च्या ‘कार अँड ड्रायव्हर’च्या मुखपृष्ठावर पाँटियाक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची झुंज रंगवली होती. आत पाँटियाकच्या वेगाचे थक्क करणारे आकडे. वास्तविक तुलनेसाठी फेरारी हजरच नव्हती. आणि पाँटियाकमध्ये ३८९ घनइंचाच्या इंजिनाऐवजी ४२१ घनइंचाचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. पाँटियाकच्या जाहिरातसंस्थेतील जिम वँगर्स यांनी याची कबुली दिली ती कित्येक दशकांनी.

मासिके धुतल्या तांदळासारखी होती, असा माझा दावा मुळीच नाही. पण ती थाप १९६४ मध्ये छापली गेली, तारखेसह हजारो घरांत पोचली आणि नंतर कोणालाही तिथला एक आकडा बदलता आला नाही. म्हणून तर कबुली आल्यावर ती कशाशी ताडून पाहायची, हे माहीत होते. आजची चित्रफीत उद्या काढून टाकली जाते, लेख तारीख न बदलता दुरुस्त होतो, संकेतस्थळ विकले जाते आणि दुवा मरतो. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद राजवाड्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वी शिकवला. त्यांना वाड्यांच्या माळ्यांवर आणि वाण्यांच्या दुकानांत दप्तरे शोधता आली, कारण कागद कुठेतरी पडून राहतो.

आणि पडून राहिलेल्या अंकांचीही गत काय होते? ग्रंथालये बांधणी करताना जाहिरातींची पाने बरेचदा काढून टाकतात, जागा वाचते म्हणून. शिल्लक राहतात ते अग्रलेख आणि मुख्य लेख. १९५० साली लॉस एंजेलिसमधल्या पोराला नवा कॅमशाफ्ट केवढ्याला पडत होता, तो कोणत्या गल्लीतल्या कारखान्यात घासला जात होता आणि टपालाने मागवला तर वर किती पैसे द्यावे लागत, हे त्या फाडून टाकलेल्या पानांवर होते.