सकर माशालाही भाजी लागते

सकर मासा मत्स्यालयाच्या टाकीतल्या शेवाळावर जगतो, त्याला वेगळे खाणे नको, हे आपल्या अंकातील वाचकपत्रातले मत मला घातक वाटते. काचेवरचे शेवाळ लवकर संपते आणि मासा खंगत जातो. काकडी, दोडका किंवा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक दिवे मालवताना द्यावा, कारण हा मासा रात्री चरतो. उरलेली भाजी सकाळी काढावी, नाहीतर पाणी नासते. भाजीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते. म्हणून भाजी धुऊन, काकडी-दोडक्याची साल काढूनच द्यावी. आणि फूटभर वाढला म्हणून हा दक्षिण अमेरिकेतला मासा आमच्या वाघूर नदीत कुणी कृपया सोडू नये. उजनी धरणात तो पसरला आहे, मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात.
– एक वाचक, फर्दापूर (ता. सोयगाव)