हिंगात काय आहे?

'फाइंड मी ग्लूटेन फ्री' हे हॉटेल शोधायचं ॲप ग्राहकांच्या अनुभवांवर चालतं. गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन ज्याला चालत नाही, त्या सीलिॲकच्या रुग्णाला परक्या शहरात त्याचा मोठा आधार. पण ॲपला हॉटेलची पाटी दिसते, भटारखाना नाही.

ज्वारीची भाकरी मुळातच ग्लूटेनमुक्त. सोबतची आमटी मात्र दगा देऊ शकते, कारण डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा गहू पडतो. आणि साबुदाणावडा समोशाच्याच कढईत तळला, तर उपवास आणि पथ्य दोन्ही मोडली! मर्यादाही कडक आहे: भारतीय नियमांनुसार 'ग्लूटेनमुक्त' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं.

ॲपवर हॉटेल जरूर शोधावं. ऑर्डर देण्याआधी मात्र वाढप्याला नव्हे, थेट आचाऱ्याला विचारावं: हिंग कोणता, तेलात आधी काय तळलं?