वाहनांच्या नोंदी आणि नागरिकांची खासगीयता : मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर शहर

प्रत : 1) मा. आयुक्त, महानगरपालिका, छत्रपती संभाजीनगर
2) मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, छत्रपती संभाजीनगर

विषय : वाहनांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणांवर कालमर्यादा, लेखी परवानगी व तपासणीचे बंधन घालण्याबाबत.

महोदय,

शहरात रस्त्यावर आलेल्या वाहनाची नोंद आज एकाच वेळी अनेक यंत्रणा घेतात. स्मार्ट सिटी अभियानातून शहरात सुमारे 700 सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यात आले. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा असल्याने टोलनाक्यावर वाहन, वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते. समृद्धी महामार्गावर टोल अंतरानुसार आकारला जातो, त्यामुळे सावंगीला चढलेले वाहन कोठे उतरले याचीही नोंद होते. 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. दुचाकी व तीनचाकी वाहने त्यातून वगळलेली आहेत.

उच्च सुरक्षा नंबरप्लेटबद्दल अनेक वाहनधारकांच्या मनात शंका आहे. एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांनाही ही प्लेट बसवण्याची मुदत राज्यात 2025 मध्ये वारंवार वाढवण्यात आली. या प्लेटमध्ये जीपीएस नाही. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. मात्र सर्व वाहनांवर अक्षरे एकाच वळणाची आणि ठरावीक मापाची झाल्यामुळे ती कॅमेऱ्याला वाचणे सोपे जाते. कॅमेरा प्लेटचे छायाचित्र घेतो, संगणक त्यातील क्रमांक ओळखतो आणि त्यापुढे ठिकाण व वेळ जोडून एक ओळ साठवतो.

अशी एकटी ओळ किरकोळ असते. अडचण येते ती ओळी एकत्र केल्यावर. एम.एच. 20 क्रमांकाची एखादी स्कूटर महिनाभरात दर मंगळवारी शासकीय कर्करोग रुग्णालयाजवळ, दोनदा कौटुंबिक न्यायालयाच्या रस्त्यावर आणि रोज सकाळी वाळूज एमआयडीसीच्या वाटेवर दिसली, तर मालकाचे आजारपण, घरातील वाद आणि नोकरीचे ठिकाण, तिन्ही गोष्टी कोणालाही न विचारता कळतात. आंदोलन, प्रार्थनास्थळ, वकिलाचे कार्यालय किंवा पत्रकाराची भेट यांनाही हेच लागू होते. एरवी अशी माहिती मिळवायची तर पोलिसांना माणूस मागे लावावा लागला असता. आता शोधखिडकीत क्रमांक टाकणे पुरेसे होते.

या यंत्रणांचा उपयोग नाकारता येत नाही. चोरीला गेलेली वाहने, धडक देऊन पळालेले चालक आणि अपहरणाचे गुन्हे यांच्या तपासात त्यांची मदत होते. हे निवेदन कॅमेरे काढण्याची मागणी करत नाही. ज्या वाहनाचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नाही, त्याच्या फिरण्याचा इतिहास शासनाकडे का असावा आणि किती काळ असावा, एवढाच प्रश्न येथे आहे.

कायद्याने या प्रश्नाला दिशा दिलेली आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टास्वामी प्रकरणात खासगीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. या अधिकारात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, वैध उद्दिष्ट हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये विनीत कुमार प्रकरणात याच कसोटीवर दूरध्वनी टॅपिंगचे आदेश रद्द केले. जुलै 2024 मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामिनावरील आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालणे घटनेच्या अनुच्छेद 21 शी विसंगत आहे. आरोपीला मिळणारे हे संरक्षण निरपराध वाहनधारकाला तर मिळायलाच हवे.

मोटार वाहन नियम 167-अ नुसार वाहतूक नियमांसाठी बसवलेल्या यंत्रांना दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र लागते, रस्त्यावर पूर्वसूचनेचा फलक लागतो, उल्लंघनाची सूचना 15 दिवसांत पाठवावी लागते आणि चलन निकाली निघेपर्यंत नोंद जपावी लागते. ज्याने उल्लंघनच केले नाही त्याच्या नोंदीचे काय, हे त्यात सांगितलेले नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे वगळण्याची मुभा देतो. त्यामुळे स्थानिक पातळीवर लेखी नियम असणे अधिक गरजेचे ठरते.

साठवलेली माहिती मूळ हेतूपुरती राहत नाही, हा अनुभव देशाने घेतलेला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2019 मध्ये वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. 87 खासगी कंपन्यांना ही माहिती मिळत असल्याचे आणि त्यातून सुमारे 65 कोटी रुपये जमा झाल्याचे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. गैरवापराच्या शक्यतेमुळे जून 2020 मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले. ब्रिटनमधील शेफील्ड शहराची नंबरप्लेट वाचन प्रणाली 2020 मध्ये इंटरनेटवर पासवर्डविना उघडी आढळली. त्यात सुमारे 86 लाख नोंदी होत्या. मर्यादा घालणे शक्य असल्याचीही उदाहरणे आहेत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2008 मध्ये सरसकट नंबरप्लेट वाचनाची मुभा देणारे दोन राज्यांचे कायदे अवैध ठरवले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात शोधयादीशी न जुळणारी नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते.

वरील परिस्थितीत पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत :

1. शहरात वाहनांची नोंद घेणाऱ्या सर्व यंत्रणांची यादी, त्यांचा उद्देश, कायदेशीर आधार, देखभाल करणारी कंपनी आणि नोंदी ठेवण्याचा कालावधी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार मराठीत प्रसिद्ध करावा.

2. चोरीच्या किंवा तपासातील वाहनांच्या यादीशी न जुळणारी आणि उल्लंघन नसलेली नंबरप्लेट नोंद 24 तासांत कायमची पुसावी.

3. एखाद्या वाहनाचा मागील प्रवास शोधायचा असल्यास गुन्हा क्रमांक नमूद करून पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. कोणी, कधी आणि काय शोधले याची न बदलता येणारी नोंद ठेवावी. जीविताला तातडीचा धोका असल्यास परवानगी नंतर 24 तासांच्या आत घेण्याची सवलत असावी.

4. ही माहिती विमा कंपन्या, कर्जवसुली करणाऱ्या संस्था किंवा अन्य खासगी व्यक्तींना कोणत्याही कारणाने देऊ नये. देखभाल करणाऱ्या कंपन्यांच्या करारात तसे दंडासह कलम घालावे.

5. प्रवासी वाहनांतील उपकरणांची माहिती प्रवाशांची सुरक्षा आणि परवान्याच्या अटी एवढ्यापुरतीच वापरावी.

6. स्वतंत्र कायदा होईपर्यंत शहरातील कॅमेऱ्यांना चेहरा ओळखणारी प्रणाली जोडू नये.

7. बनावट नंबरप्लेटमुळे दुसऱ्याच्या नावावर आलेली चलने तपासण्यासाठी तक्रार अधिकारी नेमावा, तक्रारदाराला मूळ छायाचित्र दाखवावे आणि 15 दिवसांत निर्णय कळवावा.

8. निवृत्त न्यायाधीश, संगणक सुरक्षेचे तज्ज्ञ आणि नागरिक प्रतिनिधी यांच्या समितीकडून दरवर्षी तपासणी करून अहवाल जाहीर करावा.

9. राज्यव्यापी कायद्यासाठी गृह विभागाकडे प्रस्ताव पाठवावा.

मागणी क्रमांक 1 ते 4 साठी निधी किंवा नवा कायदा लागत नाही. आयुक्तालयाचा लेखी आदेश आणि महानगरपालिकेच्या करारांतील दुरुस्ती एवढ्यावर त्यांची अंमलबजावणी सुरू होऊ शकते. तरी या मागण्यांवर कार्यवाही करून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
छत्रपती संभाजीनगर शहरातील वाहनधारक नागरिक