झाड लावण्याचा सवाब, तण काढण्याचा नाही?

दर पावसाळ्यात आमच्या शाळेची मुलं टेकडीवर झाडं लावायला जातात. फोटो निघतात, भाषणं होतात. गेल्या वर्षी टेम्पोतून रोपं उतरवताना पाहिलं तर निम्मी गिरिपुष्पाची. मी नको म्हणालो. उत्तर आलं, "सर, हिरवं झालं म्हणजे झालं ना!"

नाही, तेवढ्याने होत नाही. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ, पानगळीच्या झाडांच्या. सालई, मोई, गणेर, पळस, बोर ही तिथली झाडं. उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडतात, म्हणून आपण त्यांना उजाड ठरवलं आणि मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प आणून लावलं. ते भराभर वाढलं आणि त्याच्या दाट सावलीत गवत संपलं. गवतात जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाने मग जायचं कुठे? मोकळ्या राहिलेल्या जागेत घाणेरी आणि गाजर गवत घुसलं. हे गाजर गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. आज ते देशभर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा उसळतो.

हे बोललो तेव्हा एका मित्राने टोमणा मारला, "'बाहेरून आलेले काढा' ही भाषा तुम्ही बोलता? हीच तर आपल्याला ऐकवली जाते."

टोमणा लागला, म्हणून स्पष्ट लिहितो. मिरची आणि पेरूही अमेरिकेतूनच आले. ते आपल्या शेतात, परसात राहिले, कुणाचं रान गिळलं नाही. झाड कुठून आलं हा माझा प्रश्नच नाही. ते शेजाऱ्याला जगू देतं का, एवढंच मी विचारतो. आणि माणसांना तणाची उपमा देणाऱ्याला ना माणसं कळलीत, ना तण.

झाड लावणं सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतो. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणं हाही सदकाच, हेही शिकवतो. मग दुसरी शिकवण पावसाळ्यात कुठे जाते?

यंदा टेकडीवर नवं गिरिपुष्प नको. आधी शाळेमागचं आणि कब्रस्तानातलं गाजर गवत फुलं येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटू या. टेकडीवर वन खात्याला विचारूनच हात लावू या. लावायचंच असेल तर तिथलंच झाड लावू या, आणि जिथे गवत आहे तिथे गवतच राहू द्या.

यात फोटो चांगला येणार नाही. सवाबाला फोटो लागत नाही.