सहा गठ्ठ्यांचा कारभार

ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी हात घातला तो थेट दप्तरात. कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली, धूळ खात पडलेल्या संचिका लावल्या गेल्या आणि 'लखिना पॅटर्न' राज्यभर पोहोचला. पुढे सनदी अधिकारी चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहिमेत हाच धागा पुढे नेला. त्यातली सहा गठ्ठा पद्धत पाहा: चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारी आणि नष्ट करायची. कारकुनाच्या टेबलावर सहा गठ्ठे नीट बांधलेले असले की फेरफारासाठी आलेल्या शेतकऱ्याला 'फाईल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकावे लागत नाही.

अशा कामाचे उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. म्हणून आम्हाला ते अधिक मोलाचे वाटते. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: साहेबांची बदली झाली की गठ्ठे पुन्हा विस्कटतात. दप्तर तपासणी नेमाने होते तिथे मात्र घडी टिकते. हा अंक ती तपासणी मनापासून करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि अव्वल कारकुनांना अर्पण.